सोमवारी डबे उघडायचे नाहीत

नालासोपारा,
१४ जानेवारी १९५२

चि. मंदा,

आशीर्वाद लिहितो आहे. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

धुळ्याला सुखरूप पोचलीस हे मला तुझी मैत्रीण प्रेमलता हिच्याकडून कळलं. बापाला कळायला हवं होतं ते बाजारात दुसऱ्याच्या लेकीकडून कळलं. ते असो. नवी शाळा मुलींची आहे आणि राहायला खोली मिळाली आहे, एवढंच ती म्हणाली. तिकडे थंडी फार असते. तुझी लोकरी शाल इथेच खुंटीवर राहिली आहे, पार्सलने पाठवतो.

शाळा चालू आहे. तुझा सातवीचा वर्ग सध्या मीच घेतो. शिवणाचा तास बंद ठेवला आहे. सोमवारचा नियम कमिटीने तूर्त स्थगित केला आहे. रद्द नाही, स्थगित. पाऊसपाणी चांगलं झालं आणि देशात धान्याची तंगी राहिली नाही म्हणजे आपोआपच प्रश्न मिटेल.

चौकशीचा कागद परवा आला. 'खाडीच्या बांधावरून पाय घसरून अपघाती मृत्यू' असं लिहिलं आहे. तू, मी आणि आपला शिपाई हरेश्वर अशा तिघांनी जे लिहून दिलं, तेच त्यांनी धरलं. शाळा पाच वाजता सुटली, डबे मुलांना परत दिले, सोनू इतर मुलांबरोबर निघाली. त्यापुढे शाळेचा संबंध उरत नाही. आता ते प्रकरण मनातून काढून टाक. एक मुलगी गेली याचं दुःख मला नाही असं समजू नकोस. सातवीत पहिली आली असती ती. पण मी त्या दिवशी विरारला सभेला गेलो होतो. मी इथे नसताना जे झालं त्याचा जाब तू मला विचारतेस, आणि तोही न बोलता, घर सोडून. हे मला पटलेलं नाही.

उत्तर लिही.

तुझे,
नाना

नालासोपारा,
९ मार्च १९५२

चि. मंदा,

शाल पोचली का? पोचपावतीवर सही तुझीच वाटते.

आलोशियस गुरुजी शाळा सोडून गेले. वसईच्या बाजूला त्यांना जागा मिळाली. जाताना मला भेटायला आले आणि टोपी हातात धरून उभे राहिले. मी बसा म्हटलं, बसले नाहीत. बारा वर्षं ते आणि मी शेजारच्या खुर्च्यांवर बसलो. ते म्हणाले, "सर, आमच्यात पण उपास असतो. पण तो आपला आपण करायचा असतो." एवढं बोलून गेले.

मला त्यांचा राग आला. अजून आहे. नियम मी काही लहरीने काढला नव्हता. ते दिवस आठव. रेशनवर मिळणारा तांदूळ किडका, तोही पुरेसा नाही. आठवड्यातून एक जेवण सोडा असं आवाहन वर्तमानपत्रात रोज छापून यायचं. माझे वडील मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले आणि तिथे अठरा दिवस उपाशी राहिले, त्यांचा मी मुलगा. माझ्या शाळेतली मुलं देशासाठी एका दुपारची भूक सहन करू शकत नाहीत का, असं मला वाटलं. सोमवारी कुणीही डबा उघडायचा नाही, विद्यार्थ्यांनी नाही आणि शिक्षकांनीही नाही, असं मी फळ्यावर स्वतः लिहिलं. पहिल्या सोमवारी मुलांनी प्रार्थना किती खणखणीत म्हटली होती. तू पण म्हणाली होतीस, नाना, अंगावर काटा आला.

पुढे मुलं कुरकुरायला लागली हे खरं आहे. कोणी शाळेमागे चोरून खायला लागले. कोणी बागाईतदारांच्या वाडीतली कच्ची केळी तोडून खाल्ली आणि पोट धरून बसले. मग डबे सकाळीच गोळा करून माझ्या खोलीतल्या कपाटात ठेवायचं ठरलं. सोमवारी हजेरी अर्ध्यावर आली. आलोशियस गुरुजींनी एकदा मला मास्तरांच्या खोलीतला कोपरा दाखवला होता. आठवडाभरात मोडलेल्या छड्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक सोमवारच्या. उपाशी मास्तर उपाशी मुलांना मारत होते. मी म्हटलं, ही शिस्त लागण्याची किंमत आहे.

तू शिवणाच्या तासाला दार लावून खाजणातल्या, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतल्या वस्तीवरच्या मुलींना खाऊ देत होतीस, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. मुख्याध्यापकाची मुलगीच नियम मोडते असं कमिटीत कोणी म्हटलं तर मी काय तोंड दाखवणार होतो? म्हणून तुला सगळ्या मास्तरांसमोर बोललो, आणि मुलींचे डबे यापुढे तूच गोळा करायचेस असं सांगितलं. तू तेव्हा काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

आणखी एक कळवायचं आहे. कळवू की नको असं आठ दिवस चाललं होतं. सोनूच्या बापाने, धर्माने, बायकोला माहेरी पाठवून दिलं आहे. जिजा आता जूचंद्रला भावाकडे असते. वस्तीवर असं बोललं जातं की त्या दिवशी सकाळी जिजाने सोनूला मारलं होतं. धाकट्याच्या अंगावर पेज सांडली म्हणून. पोर रुसली, शाळा सुटल्यावर सगळ्यांबरोबर घरी आली नाही, मुद्दाम भटकत राहिली आणि भरती आल्यावर बांधावर गेली. कोणी तर असंही म्हणतात की तिने जीव दिला. धर्मा म्हणतो, हिनेच माझी पोर घालवली.

लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

नाना

नालासोपारा,
२२ जून १९५२

मंदा,

तुझं कार्ड मिळालं. सहा महिन्यांत एक ओळ. 'जिजाला खरं कोणी सांगितलं का?' खाली सहीसुद्धा नाही. कार्ड उघडं असतं, पोस्टमनने वाचलं असणार. मला फार संताप आला. कार्ड फाडणार होतो.

फाडलं नाही. आज चौथा दिवस आहे. ते माझ्या टेबलावर पुस्तकाखाली आहे आणि मला पुस्तक उचलायचा धीर होत नाही.

कोणी सांगितलेलं नाही. मी नाही, तू नाही, हरेश्वरने नाही. सोनू मागे का थांबली हे आपण तिघंच जाणतो. हरेश्वर माझ्यासमोर आला की खाली बघतो. गेल्या आठवड्यात मी त्याला विचारलं, त्या दिवशीचं मला पुन्हा सांग, पहिल्यापासून. तो म्हणाला, सर, तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, तरी सांग. तेव्हा त्याने सांगितलं ते असं.

पाच वाजता घंटा झाली. कपाटाला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात आणि मी शाळेत नाही. मुलं थोडी थांबली, मग डबे उद्या मिळतील म्हणून निघून गेली. सोनू गेली नाही. पायरीवर बसून राहिली. हरेश्वर तिला म्हणाला, जा पोरी, पाणी चढेल. ती म्हणाली, घरी एवढाच डबा आहे, उद्या पहाटे बाबाला मिठागरात न्यायला लागतो, नाही नेला तर आई मारेल. हरेश्वरने तुला विचारलं, बाई, कुलूप तोडू का? आणि तू म्हणालीस, नानांना विचारल्याशिवाय नको. तू सव्वापाचपर्यंत तिच्याजवळ थांबलीस, मग घरी आलीस. पुढे हरेश्वर फाटक लावायला निघाला तेव्हा सव्वासहा झाले होते. तेव्हा ती उठली.

तिने दिवसभर काही खाल्लं नव्हतं. तू मला त्याच आठवड्यात म्हणाली होतीस, आणि मी ऐकलं नव्हतं, की त्या मुली सकाळी घरून न जेवता येतात. भादव्यात भात तयार झालेला नसतो. घरात एकदाच काहीतरी शिजतं. आई डब्यात भाकरी देते, ती दुपारी शाळेत खायची, कारण घरी खाल्ली तर धाकटी भावंडं मागतात. आपण ज्याला एक जेवण सोडणं म्हणत होतो, ते तिचं त्या दिवसाचं एकच जेवण होतं.

बांधाला मध्ये जिथे उघाडी आहे, भरतीचं पाणी अडवायची ती लाकडी झडप, तिथे एक फळी टाकलेली आहे. रोज पाचला सुटून मुलं भरती यायच्या आत तिथून पार होतात. ती तिथे पोचली तेव्हा पाणी फळीला लागलं असणार. चक्कर आली की पाय घसरला, कोणी पाहिलं नाही.

चौकशीला तालुक्याहून आलेल्या गृहस्थांना मी सांगितलं की डबे पाच वाजता दिले. मुलांना त्यांनी काही विचारलंच नाही. कागद मी लिहिला. तुझ्यापुढे ठेवला तेव्हा तू विचारलंस, नाना, हे खरं नाही ना? आणि मी म्हणालो, माझी नोकरीची चार वर्षं राहिली आहेत, शाळा मी उभी केली, एका कुलपापायी सगळं जाईल. तू सही केलीस. तुझा हात धरून केल्यासारखीच ती सही आहे. पण हे मी तुला आज लिहितो आहे, तेव्हा म्हटलं नाही.

डबे दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून काढले. सोनूचा हरेश्वरच्या हाती धर्माकडे पाठवला, बाकावर राहिला होता म्हणून सांग, असं सांगून.

पाऊस सुरू झाला आहे. जूचंद्रला जायला आता वाट नाही. पाऊस सरल्यावर बघू.

नाना

नालासोपारा,
१३ सप्टेंबर १९५२

मंदा,

पाऊस हे निमित्त होतं, हे तू ओळखलं असशीलच. जुलैत दोनदा उघाड पडली होती. मी गेलो नाही.

आज पितृपक्षातली नवमी. दर वर्षी या दिवशी गास गावी तुझ्या अनसूया आत्याकडे तिच्या सासूचं पान असतं. तिचं बोलावणं आलं होतं. मी प्रकृती बरी नाही असं कळवलं. आता सांगतो ते तुला ठाऊक नाही, हरेश्वरलाही नाही. आत्याला ठाऊक आहे, पण ती भावाविरुद्ध बोलणार नाही.

मी विरारला सभेला गेलो नव्हतो. सभा नव्हतीच.

मला पोटाचं दुखणं आहे हे तू जाणतेस. उपाशी राहिलो की आत आग पडते. नियम सुरू झाला तेव्हा पहिले दोन सोमवार मी निभावून नेले. तिसऱ्या सोमवारी अकराच्या सुमाराला घेरी आली. कोणाला कळू नये म्हणून सायकल काढली आणि गासला गेलो. आत्याने ताकभात वाढला. बरं वाटलं. पुढच्या सोमवारीही गेलो. मग तसंच पडलं. कधी बागाईतदारांकडे काम, कधी पोस्टात काम, कधी सभा. नियमात आजाऱ्यांना सूट आहे असं मी मनाला सांगत होतो. पण तशी ओळ मी फळ्यावर लिहिली नव्हती. लिहिली असती तर मास्तर आधी माझ्याकडेच बघते.

गेल्या वर्षी नवमी सोमवारी आली. चोवीस सप्टेंबर. मी बारा वाजता निघालो तेव्हा डब्यांचं कपाट मीच लावलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. गासला पोचलो तर पानं मांडली होती. आत्या म्हणाली, "दादा, आज सोमवार ना?" मी म्हणालो, "पितरांना सोमवार नसतो." सगळे हसले. मीही हसलो.

जेवण जड झालं. ओसरीवर आडवा झालो, म्हटलं अर्धा तास. जाग आली ती साडेपाचला. आत्याने उठवलं नाही, दादा दमतो म्हणून. कोट अंगावर होता. चहा घेतला. खिशातली किल्ली हाताला लागली आणि माझ्या मनात आलं ते हे, की आता गेलो तर मास्तर विचारतील कुठे होता, तोंडावरून कळेल. उद्या सकाळी देऊ डबे. एका दिवसाने काय होतं?

सायकलवर जेमतेम वीस मिनिटांची वाट आहे. मी निघालो असतो तर ती पायरीवरच असती.

हे लिहिलं. आता वाचून बघणार नाही.

नाना

नालासोपारा,
२३ नोव्हेंबर १९५२

मंदा,

मी गेल्या आठवड्यात जूचंद्रला जाऊन आलो. वसई रोडला उतरलो आणि मिठागरांच्या कडेने चालत गेलो. भात कापून झालं आहे, खळ्यावर झोडणी चालली होती. सात-आठ बायका होत्या. जिजा कोणती हे मला ओळखता आलं नाही. शाळेत ती कधी आलीच नव्हती, आणि सोनूला पाण्यातून काढलं तेव्हा मी बांधावर गेलो नव्हतो. विचारलं तेव्हा एक बाई पेंढी खाली ठेवून पुढे आली. माझ्या मनात होती त्याहून वयाने फार लहान. तुझ्याएवढी असेल, एखाददुसरं वर्ष जास्त.

मी मुख्याध्यापक आहे असं म्हटलं तशी तिने डोक्यावरून पदर घेतला. बसायला पोतं टाकलं. मी उभ्यानेच सांगितलं. वाटेत मी वाक्यं जुळवली होती, ती तोंडात आली नाहीत. डबा कपाटात होता, किल्ली माझ्याजवळ होती, मी आलो नाही, ती डब्यासाठी थांबली, आणि नंतर मी खोटं लिहून दिलं. एवढंच सांगितलं.

तिने हाताला लागलेली पेंढीची कुसं झटकली. मग विचारलं, "किती वेल बसली व्हती?"

मी म्हटलं, सव्वा तास.

"तवा तुमी कुटं व्हता?"

"गासला. बहिणीकडे जेवायला गेलो होतो."

"काय व्हतं जेवनात?"

मंदा, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने पुन्हा विचारलं. माझ्याकडे सरळ बघत होती. मी सांगायला लागलो. खीर होती, वडे होते, अळूची भाजी, भोपळ्याचं भरीत, वरणभात. ती प्रत्येक पदार्थाला मान हलवत होती, जसं कोणी निरोप नीट लक्षात ठेवतं. मी थांबलो तर म्हणाली, "आनिक?" मी म्हटलं, लिंबाचं लोणचं. आणि नंतर चहा.

मग ती म्हणाली, "म्हंजे मी मारलं म्हनून नाय गेली ती."

"नाही."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. तिने भावाला हाक मारली आणि त्याच्यासमोर सांगायला लावलं. मग खळ्यावरच्या बायकांसमोर. चौथ्यांदा सांगून झालं तेव्हा तिने पाणी दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, आता आचोळ्याकडे चला, त्याला सांगा.

आम्ही चालत गेलो. ती पुढे, भाऊ मध्ये, मी मागे. आचोळ्याच्या पलीकडे खाजणात त्यांची वस्ती आहे. अठरा वर्षं मी तिथल्या मुलांना शिकवलं, वस्तीत पाऊल मी त्या दिवशी पहिल्यांदा टाकलं. धर्मा अंगणात जाळं विणत होता. लोक जमले. मी सांगितलं. मला वाटलं होतं तो अंगावर येईल. यावा असंही वाटलं. तो आला नाही. हातातली सुई त्याने तशीच धरून ठेवली होती. मग माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाला, "आत ये."

जिजा अंगणातच उभी राहिली. म्हणाली, "एका वर्सात तू एकदा तरी इचारलंस मना, कशी हाईस? ज्या हातानं मी मारलं तो हात मी वरीसभर बगत व्हती. आता मी नाय येनार." आणि धाकट्या मुलाला हाक मारून कडेवर घेतलं. धर्माच्या आईने अडवायला हात पुढे केला, पण लावला नाही. ती मुलाला घेऊन आल्या वाटेने परत निघाली.

मी काही दुरुस्त केलं असं समजू नकोस. ते घर पुन्हा जुळलं नाही आणि मुलगी तर गेलीच. मी नव्याने सगळं लिहून तालुक्याला आणि कमिटीला दिलं आहे. तुझी सही माझ्या सांगण्यावरून झाली, हरेश्वरचीही, हे त्यात स्पष्ट आहे. कमिटी म्हणते प्रकृतीच्या कारणाने राजीनामा द्या, बोभाटा नको. मी कारण खरं लिहूनच दिला. परवापासून शाळेत जात नाही. समोरच्या रस्त्याने मुलं जातात ती हल्ली नमस्कार करत नाहीत. काल बाजारात एकाने मला विचारलं, सर, आज सोमवार नाही, जेवलात का? माझाच विद्यार्थी आहे, आठवीत होता तेव्हा.

तुझ्याबद्दल जिजाने विचारलं. परत जाताना बांधावर ती थांबली आणि म्हणाली, पोरींचे डबे घ्यायची ती बाई, सोनू तिचं नाव सारकं काढायची, ती कुटं हाय? मी सांगितलं, माझी मुलगी आहे, दूर नोकरीला आहे, तिला फार लागलं आहे. मी तुझ्यासाठी रदबदली करायला लागलो होतो. तिने मला पुरतं बोलू दिलं नाही. म्हणाली, "लागलं आसंल. तिला म्हनावं, तिनं पन येऊन सांगावं."

ये असं मी म्हणत नाही, आणि येऊ नकोस असं म्हणायचा अधिकार मला उरलेला नाही. तिने सांगितलं ते कळवलं.

आलीस तर वसई रोडलाच उतर, इकडे यायचं कारण नाही. स्टेशनच्या पूर्वेला मिठागरांची वाट लागते, ती धरून सरळ जायचं, पाऊण तास लागतो. झोडणी अजून पंधरा दिवस चालेल. सकाळी लवकर जा. ती खळ्यावर असते.

नाना